बायपासनंतरची भाकरी

हॉस्पिटलमधून घरी सोडताना त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद दिला. बायपास झालेल्या रुग्णाने घ्यायची काळजी, असं वर ठळक अक्षरांत होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यातली बरीच वर्षं हरसूलच्या बाजूला काढली. कागद हातात पडला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड जात नाही. गाडी चालवू नये. जड वस्तू उचलू नये. जिना सावकाश चढावा. कामावर रुजू होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि सात नंबरला: दाढी खुर्चीवर बसून करावी.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग सही घ्यायला आलेल्या सिस्टरला विचारलं, "बाई, कणीक मळली तर चालते का, ते कुठं लिहिलंय?" ती हसली. "मावशी, तुम्ही पण ना!" म्हणाली आणि कागदाखाली माझी सही घेऊन गेली. मला वाटलं, विचारून येईल. ती आली नाही, आणि तेवढ्यात खाली रिक्षा येऊन थांबली होती.

मुळात मला हृदय आहे हेच आमच्या घरात कोणाच्या ध्यानात नव्हतं, माझ्यासकट. सासऱ्यांना हार्टचा त्रास झाला, दिरांना झाला, म्हणून आमच्या यांना दर वर्षी तपासायला न्यायची मी. मला व्हायचं ते पित्त. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला चढलं की जबडा दुखायचा, दोन खांद्यांच्या मधोमध कोणी पाटा ठेवल्यासारखं जड व्हायचं आणि ढेकरा यायच्या. ढेकरा आल्या म्हणजे पित्तच. लिंबू पिळून खायचा सोडा घेतला, थंड दूध घेतलं, मोरावळा खाल्ला. असे सहा महिने गेले. एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना घामाने माझा ब्लाउज पाठीपर्यंत भिजला, तेव्हाही मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले ती पित्ताच्याच गोळ्या मागायला. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, घरी जाऊ नका. इथूनच हॉस्पिटलला जा."

तिथल्या काउंटरवरच्या मुलीने आम्हा दोघांकडे पाहिलं, फाइल पाहिली आणि धावत जाऊन व्हीलचेअर आणली. कोणासाठी? यांच्यासाठी. "काका, तुम्ही चालू नका, बसा आधी." आणि हे इतके घाबरलेले की बसले! मी शेजारी फाइल, पर्स आणि पाण्याची बाटली धरून उभी. "पेशंट मी आहे," असं मला मोठ्याने सांगावं लागलं. आज हे सांगताना लोक हसतात, मीही हसते. त्या क्षणी मात्र मला असा धक्का बसला होता की छातीतलं दुखणं दोन मिनिटं विसरले.

अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे निघाले आणि तेही अशा जागी की स्प्रिंग बसवून भागणार नव्हतं. सर्जननी कागदावर हृदयाचं चित्र काढलं आणि ते यांच्यासमोर ठेवून यांनाच समजवायला लागले, "यांच्या या नसा..." मी टेबलावर हात आपटला. वर्गात आपटायचे तसाच. "डॉक्टर, हृदय माझं आहे. चित्र इकडे फिरवा." माणूस चांगला होता, ओशाळला आणि चित्र फिरवलं. छातीचं मधलं हाड उभं कापणार, छातीच्या आतली एक नस आणि पायातली एक नस काढून नवे रस्ते जोडणार, तेवढा वेळ हृदयाचं काम मशीन करणार, शेवटी हाड स्टीलच्या तारांनी बांधणार. मी सगळं ऐकलं, प्रश्न विचारले, मान डोलावली. मला सगळं समजलं होतं आणि त्यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास बसला नव्हता.

म्हणून शुद्धीवर आल्यावर जो धक्का बसला तो छातीचा नव्हता, पायाचा होता. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत पट्टी. सांगितलं होतं त्यांनी, मी ऐकलंही होतं, तरी मला वाटलं, काहीतरी चुकलं, दुसऱ्याच कोणाचं ऑपरेशन माझ्यावर केलं. विचारायला तोंड उघडावं तर घशात नळी. हात बाजूला बांधलेले, नळी उपसू नये म्हणून. जिच्या एका हाकेने अख्खं मैदान गप्प व्हायचं ती मी, नुसती डोळे फिरवत पडले होते. सगळं ऐकू येतं, काहीच बोलता येत नाही, आणि हे असं होणार हे मला आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्यानंतर ज्यांना हे करायचं आहे त्यांना मी पहिलं हेच सांगते: नळी असणार आहे, ती निघणार आहे, तोपर्यंत घाबरायचं नाही. आणि पाय बघून दचकायचं नाही.

अजूनही बरंच कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूची छाती बधिर होते. जेवणाला लोखंडाची चव येते. आणि रडू येतं. नवव्या दिवशी समोर इडली आली आणि मी हमसून हमसून रडले. इडलीला काही झालेलं नव्हतं. सासू वारली, आई वारली, तेव्हाही मी चारचौघांत अशी रडले नव्हते. सिस्टर शांतपणे म्हणाली, "होतं असं, या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं." मग आधी बोलायला काय झालं होतं? मला वाटत होतं, हृदय उघडताना त्यांच्या हातून माझं डोकं बिघडलं.

घरी आले. पुण्याहून मुलगा दोन आठवड्यांची रजा काढून आला होता, डबा लावला होता. तो परत जाताना हे म्हणाले, "तू जा निवांत. मी आहे ना." आणि ते खरंच होते. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासायचं काम केलेला माणूस. त्यांनी माझ्या गोळ्यांचा तक्ता केला, भिंतीला लावला, एक गोळी पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ दिली नाही. पायाला घट्ट मोजे चढवायचे, श्वास आत ओढून गोळे वर चढवायच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्रावर माझा व्यायाम करून घ्यायचे, खोकला आला की उशी छातीशी धरून द्यायचे. माझ्यावर त्यांचा जीव आहे. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी त्यांना बोल लावेल आणि ते मला आवडणार नाही. फक्त लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांनी कधी चहा केलेला नव्हता. गॅसचं कुठलं बटण कुठल्या शेगडीचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि भेटायला येणारी माणसं सुरू झाली. ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जायचं म्हणजे जायचंच. विहारातल्या बाया आल्या, शाळेतले आले, कॉलनीतले, यांचे कारखान्यातले दोस्त. शहाळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. "जय भीम ताई. आता फक्त आराम करायचा. काही म्हणजे काही करायचं नाही." असं म्हणून पंख्याखाली बसायचे. मग दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही. आणि मी उठायचे.

मला कोणीही "चहा टाक" म्हटलं नाही. शपथेवर सांगते. मीच उठायचे. उठतानाही फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलं होतं तसं, कुशीवर वळून, हाताचा रेटा न देता, अगदी नियमाने. आणि नियमाने उठून आत जाऊन दुधाचं भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलायचे. कागदावर जड वस्तू म्हटलं होतं. दुधाचं पातेलं जड असतं हे मला आयुष्यात कधी जाणवलेलंच नव्हतं. डब्यातल्या पोळ्या यांना चाववेनात, म्हणून चौथ्या आठवड्यात डबाही बंद केला. दोघांच्या पोळ्या, त्यात काय मोठं.

त्याच आठवड्यात सिन्नरकडून माझी नणंद आली. यांच्यापेक्षा धाकटी, जिभेला गोड, गुडघ्यांनी अधू. मला कुरवाळून रडली. "वैनी, तुमी काय बी करू नका आता. लय मोठं आपरेशन झालंय तुमचं." संध्याकाळी म्हणाली, "बाजरीचं पीठ आणलंय नवं. मी टाकते ना दोन भाकरी." म्हणताना तिचा हात गुडघ्यावर होता. मी म्हणाले, "बस गं तू. भाकरी म्हणजे काय काम आहे का?"

बाजरीचं पीठ मळताना तळहाताच्या टाचेने दाबून रगडावं लागतं, अंगाचा भार घालून, नाहीतर भाकरी चिरते. दोन झाल्या. तिसरीचा गोळा रगडताना छातीत कट् असा आवाज झाला. बोट मोडल्यासारखा, पण आत, मधोमध. मी थांबले. मग काय केलं, तर तो गोळा थापला, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी लावलं, उलटली. भाकरी टम्म फुगली. ती फुगलेली बघून मला बरं वाटलं, हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. छातीचं हाड सुटलं होतं आणि मी भाकरीवर खूश होते.

पाहुणी घरात असेपर्यंत, म्हणजे चार दिवस, मी कोणाला बोलले नाही. कुशीवर वळताना कट्. शिंकताना कट्. ती गेली त्या सकाळी गोळ्या देताना मी यांना म्हणाले, "अहो, इथं काहीतरी वाजतंय." त्यांनी तळहात माझ्या छातीवर सपाट ठेवला. "खोक." मी खोकले. तीस वर्षं याच हाताने त्यांनी ढिले जोड ओळखले होते. त्यांचा चेहरा पडला. "प्ले आहे," म्हणाले, जोड ढिला असला की कारखान्यात म्हणायचे तसंच. आणि रिक्षा आणायला गेले.

हॉस्पिटलमध्ये सर्जनच्या हाताखालच्या डॉक्टर बाई होत्या. तरुण, बोलायला रोखठोक. त्यांनीही हात ठेवला, खोकायला सांगितलं, आणि वर न बघता विचारलं, "काय उचललं?"

"काही नाही," मी म्हणाले. खोटं बोलत नव्हते, मला खरंच आठवेना.

"ढकललं, ओढलं? घरी काम करता का काही?"

यांनी घाईघाईने उत्तर दिलं. "छे हो डॉक्टर, काम कसलं. फक्त घरातलंच."

डॉक्टर बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरातलं म्हणजे काय काय?"

हे प्रामाणिक माणूस. विचारलं तर बरोबर सांगणार. "म्हणजे, सकाळचा चहा. नाश्ता. स्वयंपाक. कपडे मशिनमध्येच टाकते, पण मग पिळलेले काढून वाळत... माझ्या अंघोळीची बादली... येणाऱ्या-जाणाऱ्यांचं... आणि चार दिवस बहीण आली होती, तर भाकरी..." एकेक सांगताना आवाज खाली जात गेला. भाकरीपाशी थांबला. मला त्यांचा राग आला नाही. मीच हबकले होते. हे सगळं मी करत होते? छाती कापून जेमतेम महिना झाला होता आणि मी यांच्या बादल्या भरत होते? मुलांची हजेरी घ्यावी तशी ती कामं एकामागून एक पुकारली जात होती आणि मी पहिल्यांदा ऐकत होते.

एक्स-रे निघाला. एक तार ढिली झाली होती, हाड हलत होतं. जंतुसंसर्ग नव्हता, म्हणून वाचले. बाईंनी स्पष्ट सांगितलं: छातीला पट्टा, आठ आठवडे दोन्ही हातांनी काहीही नाही. ताप आला, जखमेतून पाणी आलं, धाप वाढली तर त्याच क्षणी यायचं. आणि हाड जुळलं नाही तर पुन्हा उघडावं लागेल.

पुन्हा. पुन्हा ती नळी, ते बांधलेले हात, पुन्हा ती पायभर पट्टी. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की पुन्हा उघडायची वेळ आली तर मी नाही म्हणणार, मग काय व्हायचं ते होवो.

निघताना बाईंनी यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "मॅडम, आतून काय घालता?" मी म्हटलं, काही नाही, टाके दुखतात म्हणून. त्या कपाळाला हात लावायच्या बाकी होत्या. पुढून हुक असलेली सुती ब्रा दिवसरात्र घालायची, नाहीतर छातीचा भार जखमेवर ओढ देतो. हे बायकांना पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि लाजेपायी सांगत कोणी नाही, असं त्या म्हणाल्या. मला इतका संताप आला! दाढीचं छापायला लाजले नाहीत ते.

मग आमच्या घरात जे झालं त्यावर मी आधी कोणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ओट्याजवळ खुर्ची टाकून मी बसायचे, पट्टा बांधून, हात मांडीवर. ओट्यापाशी हे. "कणकेत पाणी किती?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती मिली?"

पहिला आठवडा भांडणात गेला. पोळीचे नकाशे झाले, वरण उतू गेलं, फोडणी जळून शेजारीण बघायला आली. त्यांनी पोळीची जाडी मोजायला खरोखर कारखान्यातलं मोजमापाचं यंत्र आणलं, आणि एका कडेला दुप्पट जाड भरली तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. हसू आलं की मला उशी धरावी लागायची. तिसऱ्या आठवड्यात पोळी गोल झाली. चहा जमायला सर्वात जास्त दिवस लागले.

आणि आम्ही बोलायला लागलो. चौतीस वर्षांत मी आत आणि ते बाहेर, मधे भिंत. आता मी रिकामी बसलेली, त्यांचे हात कामात, तर ते बोलायचे. कारखान्यातल्या संपात किती घाबरले होते ते सांगितलं. मी ऑपरेशनला आत असताना जिन्यात बसून रडले ते सांगितलं. भेटायला माणसं आली की आता हेच उठायचे चहाला, आणि बाया माझ्याकडे अशा बघायच्या की मी काही चोरलंय. नणंद फोनवर म्हणाली, "दादाला लय कामाला लावलंय म्हणं." मी म्हणाले, "हो, लावलंय." मला त्या दिवसांत सुख होतं. रोज खोकून बघायचे, हाड जुळावं म्हणून जीव टांगणीला, आणि तरी सुख होतं.

आठ आठवडे भरले. त्या दिवशी बाईंनी यांना बाहेर थांबायला सांगितलं, छातीवर हात ठेवला. "खोका." मी खोकले. "जोरात." काही वाजलं नाही. त्यांनी नवा एक्स-रे दिव्यावर धरला आणि पहिल्यांदा हसल्या. "जुळलं, मॅडम. पुन्हा उघडायला नको. आता हळूहळू सगळी कामं सुरू करा. साहेबांना बोलवा, त्यांनाही सांगते."

मला आनंद व्हायला हवा होता. मी टेबलाची कड धरली आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यांना नका सांगू."

मी पुढे बोलत गेले. "अजून सहा आठवडे म्हणून सांगा. एवढंच. नाही जुळलं पुरतं, असं."

त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. आवाज न चढवता म्हणाल्या, "खोटं मी सांगणार नाही. पण जुळलंय आणि तरीही तुम्हाला एकटीने सगळं करायचं नाहीये, हे तुम्ही सांगू शकता ना?"

हो, म्हणाले मी. खरंच सांगायचं ठरवून बाहेर आले. सरपंचाला, शिक्षणाधिकाऱ्याला, सर्जनला तोंडावर बोललेली मी. हे बाकावरून धडपडत उठले. त्यांच्या नखांच्या कडेला कणीक वाळली होती. "काय म्हणाल्या? जुळलं?"

त्यांच्या मागे खिडकी होती. मी खिडकीकडे बघून म्हणाले, "अजून सहा आठवडे."

त्यांचे डोळे भरून आले. "असू दे, असू दे. घाबरू नको. मी आहे ना," म्हणाले, आणि एक्स-रेचं पाकीट माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं, ते जड असल्यासारखं. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं मी. छाती उभी कापून घेतली, ती जुळेपर्यंत तग धरला, आणि नवऱ्यापुढे एक वाक्य मला बोलता आलं नाही. ते माझ्या पुढे चालत होते, दारं उघडून धरत, आणि मी पट्टा सावरत त्यांच्या मागे निघाले.